गेरू लावलेली पिल्लं

बानाबाईला कुणी म्हातारी म्हटलेलं खपत नसे. वय विचारलं की ती म्हणायची, "मेंढराचं वय दातावरून कळतंय. ये, मोज." आणि खरोखर तोंड उघडून उभी राहायची. आत दात होते अकरा. विचारणाराच लाजून निघून जायचा.

पाचोडच्या अलीकडं, सडकेपासून हाकेच्या अंतरावर वीस-पंचवीस घरांची वस्ती आहे. तिथं तिचं एका खोलीचं घर. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. नवरा वारला, पुढं गुडघ्यांनी दगा दिला, मग मेंढरं विकावी लागली. लेक सोनाजी शहरात कंपनीत लागला. हर्सूलकडं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बायको, एक पोरगी असा त्याचा संसार. त्यानं आईला एकदा आठ दिवस नेऊन ठेवलं होतं. बानाबाई सकाळपासून गॅलरीत उभी राहायची आणि खालून कुणाची शेळी गेली की वरून ओरडायची, "आरं ए बाबा, ती लंगडू ऱ्हायली बघ! खुरात काटा हाये तिच्या!" ऐकतंय कोण? सहाव्या दिवशी ती गुडघ्यांना शिव्या देत तीन जिने उतरली, परक्या माणसाची शेळी भर रस्त्यात आडवी पाडली आणि काटा उपसून त्याच्या हातावर ठेवला. शेळीवाला आधी भांडला, मग त्यानं चहा पाजला. सोनाजीची मात्र सगळ्या गल्लीत फजिती झाली. नवव्या दिवशी बाई एसटीत बसून वस्तीवर परत.

इथवर हसण्यासारखंच होतं. पण गेल्या पावसाळ्यात तिला ताप भरला. नेमकी शेजारची आवडाबाई तेव्हा लेकीकडं पैठणला गेलेली. तीन दिवस बानाबाई घरात एकटी पडून होती. आवडाबाईनं परत आल्यावर दार ढकललं तेव्हा कुठं कळलं. सोनाजीनं ते मनाला लावून घेतलं. दर फोनवर एकच घोशा, माय, चल. दिवाळीला आला तो रिकामी मोठी पिशवी काखेत मारूनच आला.

"मला नाय जमायचं," बानाबाई म्हणाली. "माझी पिल्लं येऊ ऱ्हायलीत."

"कसली पिल्लं?"

"कोंबडीची. बचत गटातून. पन्नास मला, पन्नास आवडीला."

सोनाजीला हसू आवरेना. "माय, तू आन् कोंबड्या? तूच म्हणायचीस ना, दोन पायाचं जनावर इमानी नसतंय?"

"त्यात माणूस बी आला," बानाबाई म्हणाली. "तुला तर म्या वाढीवलंच की."

वाद वाढत गेला आणि शेवटी बाईनंच शर्त घातली. पिल्लं महिना-सव्वा महिना घरात बल्बाखाली वाढवायची, मग थंडीची सवय करून आवडाबाईच्या गोठ्यात हलवायची. हलवल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सोनाजीनं यायचं. "तवर पन्नासातली पाच गेली तर गेली. पाच कुणाची बी जात्यात. पण सहावं गेलं, तर म्या माझ्या हातानं पिशवी भरून तुझ्यासंगं येते. आन् नाय गेलं, तर पुन्हा हा इषय काढायचा नाय. कबूल?"

"कबूल," सोनाजी म्हणाला आणि आईच्या हातावर हात मारला. त्याला वाटलं, आपण जिंकलोच.

पिल्लं आली. बानाबाईनं खोलीच्या एका अंगाला पत्र्याचं गोल कडं उभं केलं. गोलच का, तर पिल्लांना कोपरा सापडला की ती गारठ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. कड्यात भुईमुगाची टरफलं पसरली, वर बल्ब टांगला. वीज गेली की, आणि ती तर रोजच जायची, बाई तांब्यात गरम पाणी भरून, त्याला फडकं गुंडाळून मधोमध ठेवायची. पिल्लं तांब्याला बिलगून बसायची आणि बाई कड्याबाहेर बसून सरकारच्या वीजखात्याचा उद्धार करायची.

एवढं करूनही पहिल्या आठवड्यात तीन गेली. एक पाण्याच्या थाळीत बुडालं, दोन गारठ्यानं. तिसरं गेलं त्या दिवशी बानाबाई जेवली नाही. आवडाबाईनं कारण विचारलं तर म्हणाली, दात दुखतो. आवडाबाईला अकरा दातांचा हिशेब ठाऊक होता. तिचीही दोन गेलीच होती.

ही आवडाबाई म्हणजे शेतकरी घरातली विधवा बाई. पोरं लांब, बैल विकल्यापासून गोठा रिकामा. दोघींचं तीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं कुणी पाहिलं नाही. आमटीत चिंच घालावी की आमसूल, यावरून एकदा पंधरा दिवस अबोला होता. पण एकीनं चूल पेटवली नाही तर दुसरीला घास जात नसे.

दर आठवड्याला बल्ब एक वीत वर जायचा. चौथ्या आठवड्यात दिवसा बंद, पाचव्यात रात्रीही बंद. पाचोडच्या जनावरांच्या डॉक्टरनं तसंच सांगितलं होतं, की ऊब एकदम काढू नका, थोडीथोडी काढा. बानाबाईनं त्यालाच सुनावलं, "डागदर, कोकरू उबेतून रानात कसं न्यावं, हे म्या तुमच्या जन्माच्या आधीपासून करू ऱ्हायले." डॉक्टर बिचारा हसून पुढच्या घरी गेला.

पिल्लांना पिसं फुटली, पाय लांब झाले, आणि मग त्यांनी बाईचं घर ताब्यात घेतलं. कडं ओलांडून ती अंथरुणावर यायची, परातीतल्या पिठात पाय उमटवायची. एकदा बाई भाकरी थापत असताना एक पठ्ठं तिच्या डोक्यावर येऊन बसलं आणि भाकरी भाजून होईस्तोवर उतरलं नाही. खोलीला वास असा सुटला, की आवडाबाई उंबऱ्याबाहेरूनच बोलू लागली. आता हलवायलाच पाहिजे होतं. गुरुवार ठरला.

गोठ्याची तयारी चोख होती बरं का. त्यात खोट काढायला जागा नाही. तीन बाजूंना मातीच्या भिंती, चौथी पश्चिमेची बाजू उघडी, तिला जाळी ठोकली. चारी कोपरे भुशाची पोती लावून गोल केले. हलवायचं ते सकाळीच, म्हणजे अंधार पडायच्या आत पिल्लांची जागेशी ओळख होईल. सगळं कसं शहाण्यासारखं. आणि ऐन वेळी बानाबाईच्या अंगातली मेंढकी जागी झाली.

तिनं वाटीत गेरू कालवला.

"हे कामून?" आवडाबाईनं विचारलं.

"कामून म्हंजी? दोन मालकाची मेंढरं एका जागी बसवायची तर खूण नको? उद्या तुझं एखादं मेलं आन् माझ्या नावावर पडलं म्हंजी? सोन्या तिकडं टपूनच बसलाय."

"आगं, म्या काय तुझ्यावर आळ घेणार हाये का?"

"तुझा इस्वास हाये मला. कोंबड्याचा नाय."

झालं. एकेक पिल्लू उचलायचं, शेपटीच्या वर पाठीवर गेरूचं बोट ओढायचं आणि डालग्यात टाकायचं. सत्तेचाळीस पाठी लाल झाल्या. बाईच्या तोंडावर आनंद मावत नव्हता, किती वर्षांनी हातात कळप आला होता. दोन खेपांत पिल्लं अंगणापलीकडं गेली, आवडाबाईची बिनखुणेची अठ्ठेचाळीस आधीच आत होती. सगळी मोकळी सोडली. पिल्लांनी पंख झाडले, माती उकरली, थंड हवेत इकडून तिकडं धावून पाहिलं. दोघी बायकांनी दाराशी बसून चहा घेतला आणि कधी नव्हे ते एकमेकींना शाबासकी दिली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कोंबडीच्या जातीला लाल काही दिसलं की राहवत नाही, ती टोचून बघते. टोचता टोचता रक्त निघालं, की मग बाकीच्याही धावून येतात. बानाबाईला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. मेंढरं काही एकमेकांच्या पाठीवरचा रंग खात नाहीत.

दुपारी गोठ्यातून कालवा ऐकू आला. दोघी धावल्या. आत नुसता हलकल्लोळ. ज्याच्या पाठीवर गेरू त्याच्यामागं चार-पाच लागलेली, आणि गेरूवाली गेरूवाल्यांनाही सोडेनात. दोन पिल्लं मरून पडली होती. तिसऱ्याची पाठ सोलून निघाली होती, ते पोत्याच्या आडोशाला डोळे मिटून उभं होतं. बानाबाईनं ते उचलून पदरात घेतलं.

"पाच झाली," ती म्हणाली. "हे सहावं."

मग त्या दोघींनी पिल्लं एकमेकांपासून वेगळी करायचा घाट घातला. दोन बायका, चार दुखरे गुडघे आणि नव्वदच्या वर पिल्लं! एकीकडं हाकललं की दुसरीकडं टोचाटोची. आवडाबाई एकदा आडवी झाली, बानाबाई तिला उठवायला गेली ती तिच्यावरच बसली.

"धुऊन काढू का गेरू?" आवडाबाई धापा टाकत म्हणाली.

"आन् वल्ली पिल्लं या गारव्यात ठिवू? कालपरवा बल्बाखालून निघालीत ती. सांजेपतुर सगळी आडवी होतील."

"मंग घरी ने परत."

"लाइट गेलीय. आठाबिगर येत नाय. एकाच तांब्याला बिलगायला ती आता काय इवलीशी ऱ्हायलीत?" एवढं बोलून बानाबाई मटकन खाली बसली. आयुष्यभर लांडग्याला भ्यायली नव्हती ती बाई, आता तिचे डोळे भरून आले. "मेले गं आवडे. सोताच्या हातानं केलं. गेले म्या आता तिसऱ्या मजल्यावर."

आवडाबाई जाळीकडं बघत म्हणाली, "वारं सुटलंय बघ."

सुटलंच होतं, उघड्या बाजूनं सरळ आत येत होतं. त्या जाळीला लावायला एक पोतं शिल्लक नव्हतं, सगळी कोपऱ्यांत खर्ची पडली होती. बानाबाई उठली, डोळे पुसले, घरी गेली आणि दोरीवरची दोन्ही लुगडी ओढून घेऊन आली. तिची लुगडी लालच असायची, दुसरा रंग तिनं कधी अंगाला लावला नाही. दोघींनी मिळून ती जाळीवर वरपासून खालपर्यंत ताणून बांधली. वारं थांबलं.

आणि मग अजबच झालं. पश्चिमेचं ऊन लुगड्यांतून आत उतरलं आणि सगळा गोठा लाल झाला. भिंती लाल, जमीन लाल, आवडाबाईचे पांढरे केसही लाल. पिल्लं क्षणभर थबकली. ज्याच्यामागं धावत होतो ते कुठं गेलं, असं त्यांना वाटलं असणार. एकानं इकडंतिकडं पाहून भांड्यातला दाणा टिपला. दुसरं त्याच्याशेजारी आलं. थोड्या वेळानं गोठ्यात नुसता दाणे टिपल्याचा टकटक आवाज.

"काय झालं गं?" आवडाबाई कुजबुजली.

"मला काय म्हाईत. गप बस."

शुक्रवारी डॉक्टर आला. जाळीवरची लुगडी पाहिली, आत डोकावला, आणि त्यानं कपाळावर हात मारला. "अहो बाई, पुस्तकात टोचाटोचीवर लाल बल्ब लावा म्हणून लिहिलंय. लाल उजेडात लाल दिसत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगाया पायजे का?" बानाबाई म्हणाली. "जनावरात जन्म गेला आमचा."

आवडाबाईला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. डॉक्टरनं गेरू उडेपर्यंत लुगडी तशीच राहू द्यायला सांगितलं. मग पदरातलं पिल्लू हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि मान हलवली. "उबेत ठेवा, हळद-तेल चालू ठेवा. पण वाचेल असं वाटत नाही."

पन्नासांच्या कड्यात आता ते एकटंच, वर बल्ब. एकटं ठेवलं की ओरडायचं, म्हणून बाई त्याला पदरात घेऊन बसायची. दोन्ही लुगडी गोठ्यावर, अंगावर तिसरं फाटकं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. पिल्लानं शनिवारी दोन दाणे खाल्ले, तर बाईनं आवडाबाईच्या घरी गूळ पाठवला. रविवारी पहाटे तिनं पदर उघडला तेव्हा ते थंड पडलं होतं.

आवडाबाई आली, पाहिलं, आणि दार लोटून घेतलं. "बाने, ऐक. मव्हं एक घे. गेरूचं बोट वढ. कुणाला कळतंय?"

"नाय."

"आगं पण..."

"परक्याच्या जनावरावर आपली खूण वढू? त्याला चोरी म्हणत्यात आमच्यात." एवढं बोलून बानाबाईनं पिशवी काढली. काय भरायचं होतं म्हणा! एक घोंगडी, तंबाखूची चंची, आरसा. पाच मिनिटांत भरून झाली. पिल्लू टोपलीखाली ओट्यावर ठेवून ती वाट बघत बसली.

दहाच्या एसटीनं सोनाजी आला. आईच्या हाताला कोपरापर्यंत हळद, अंगावर फाटकं लुगडं, मांडीवर पिशवी. तो काही विचारायच्या आतच तिनं टोपली उचलली.

"सहावं गेलं. पहाटं. चल."

सोनाजीनं वाकून पिल्लाकडं पाहिलं. जिंकल्यावर असं वाटत असेल, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात आवडाबाई तरातरा आली आणि तिनं ओट्यावरचं पिल्लू उचलून छातीशी धरलं. "हे मव्हं हाये."

"आवडे, त्याच्या पाठीवर गेरू हाये."

"घासून लागला. नव्वद पिल्लं एका जागी, लागंल नाय तर काय?"

"तुझी दोनच गेलीत."

"तीन."

"दोन!"

"मव्ही पिल्लं, म्या सांगते, तीन!" आवडाबाईचा आवाज चढला आणि चढता चढता फुटला. "तू गेलीस तर म्या भांडू कुणाशी? सांग ना. भिंतीशी भांडू?"

बानाबाई पोराकडं वळली. "सोन्या, जा. गेरूवाली मोज. चव्वेचाळीस भरली की हिचं तोंड बंद व्हतंय."

सोनाजी गोठ्याकडं गेला, दोघी त्याच्यामागं. त्यानं लुगड्याचा काठ जरा उचलला. उजेडाचा पट्टा आत पडला आणि पिल्लं इकडून तिकडं धावू लागली. काहींच्या पाठीवर नवी पिसं फुटत होती, गेरू फिका झाला होता, पण दिसत होता. होती चव्वेचाळीस. बानाबाईला ते पाठ होतं, आवडाबाईलाही होतं. सोनाजीची बोटं मांडीवर हलत होती. ती थांबली. त्यानं मागं वळून आईकडं पाहिलं, पिशवी तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"पंचेचाळीस," तो म्हणाला.

"परत मोज."

"पंचेचाळीस हायती, माय."

"आरं, तुला मोजाया म्या शिकीवलंय. पळत्या दोनशे मेंढरात तू कधी चुकला नाय."

सोनाजीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"मेंढरं व्हती ती," तो म्हणाला. "ही पिल्लं लई पळत्यात."